मिसरवाल्या चाचांचे बिल्ले

इचोड्याला ढाब्यावर चहा सांगून भाचा गाडीचं चाक बघायला खाली वाकला. मी पाय मोकळे करायला म्हणून शेजारच्या भंगारवाल्याकडं गेले. नागपूर-हैदराबादचे ट्रक अगदी अंगाला वारा लावून जात होते. गोणपाटावर कुलपं होती, पितळी नळ होते, कंदिलांच्या काचा होत्या, आणि एका टवका उडालेल्या बशीत बिल्ले. शाळेचे, कवायतीचे, कुठल्याशा कुस्तीच्या फडातले. त्यांत एक काळा पडलेला होता. उघडलेला परकार, त्याच्या खाली गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि मधोमध एक डोळा.

"ये क्या है अम्मा? इतने लोगां को पूछा, कोई बोलताच नहीं," भंगारवाला म्हणाला.

मी तो नाकाशी नेला. चांदीला वास नसतो असं म्हणतात. सोनाराच्या मुलीला विचारा. काळ्या पडलेल्या चांदीला घामाचा, चिंचेचा आणि बंद पेटीतल्या जुन्या कापडाचा वास असतो. तो वास आला आणि तिथं उन्हात उभ्या उभ्या मला बाबांची शेगडी दिसली.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. पलीकडं वऱ्हाड, इकडं निजामाचं राज्य. नदीत कंबरभर पाणी असलं तरी दोन काठांवरची माणसं एकमेकांत सोयरीक करत, बैल विकत, भांडत. बाबा गावचे सोनार. भिंतीला टेकून त्यांची शेगडी, शेजारी चामड्याचा भाता, पुढ्यात पाण्याचं दगडी कुंडं. भात्याचा तो दमेकरी आवाज ऐकत आम्ही उठायचो. चांदी वितळवायच्या मुशीत टाकणखार पडला की आधी फुगायचा, मग काचेसारखा पातळ व्हायचा, आणि सगळ्या घरभर एक खारट, कोरडा वास पसरायचा. माय म्हणायची, "तुमच्या बाबाच्या अंगाले साबणानं धुतलं तरी हा वास जात नाई."

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या त्या शेवटल्या वर्षात रझाकारांची भीती वाढली, तशी गावातली बरीच घरं नदी ओलांडून गेली. आम्हीही गेलो. वणीजवळ मामाकडं राहिलो. तिथल्या शाळेत मी इंग्रजी अक्षरं शिकले. एवढंच त्या वर्षाचं चांगलं. बाकी आठवते ती मामाच्या ओसरीत रात्रंदिवस चालणारी कुजबूज, आणि नदीकडून कुणी आलं की मायचं ताडकन उठून उभं राहणं.

दुकान मागं राहिलं होतं. भाता, शेगडी, साचे, आजोबांच्या हातची कसोटी. बाबांनी सगळ्याची आशा सोडली होती. पण पोलीस ॲक्शन झाली, हिंदुस्थानचं सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही कपाशी फुटायच्या दिवसांत परत आलो, तेव्हा शेजारपाजारची दारं मोडलेली आणि आमच्या दाराला मात्र बाबांनी लावलेलं कुलूप तसंच. ओट्यावर मिसरवाले चाचा बसलेले.

चाचा तरुणपणी निजामाच्या घोडदळात होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूनं त्यांची फौज मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, गेली होती. परत आल्यापासून गाव त्यांना मिसरवाले म्हणू लागलं, आणि पुढं ते नावच उरलं. आमच्या समोरच त्यांचं घर. चाचीनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. आम्ही नव्हतो त्या काळात चाचांनी पेटीतून जुना फौजी कोट काढला, त्यावर आपले दोन बिल्ले लावले आणि रोज आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले. रझाकारांची टोळी आली की उठून सलाम ठोकायचे आणि म्हणायचे, "ह्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. मी निजामसरकारचा जुना सवार." त्या बिल्ल्यांकडं पाहून पोरं पुढं जायची. हे आम्हाला चाचीनं सांगितलं. चाचा बाबांना नुसते म्हणाले, "बसायले कुठंतरी पाह्यजे होतं, गंगाराम."

त्यांचा एकुलता एक मुलगा कादर मात्र रझाकारांत गेला होता. सैन्य आलं तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. त्याचं नाव समोरच्या घरात कुणी काढत नव्हतं, आणि आमच्या घरातही.

ते दिवस बाहेरून फार सुंदर होते. ज्वारी दुधात आली होती. सकाळी धुकं नदीवरून शेतात यायचं. पऱ्हाटी पांढरी होत होती. पण गावात माणसं हळू बोलायची. सैन्याच्या ट्रकचा आवाज आला की दारं लागायची. कँपातून परतलेली पोरं, म्हणजे नदीपलीकडं राहून रझाकारांशी लढलेली पोरं, काठ्या घेऊन गावोगाव फिरत होती. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याच्या घरी निजामाच्या पगडीचा छाप असलेला बिल्ला सापडला, तर त्याला वेशीपर्यंत ओढत नेलं, अशी बातमी आली. आणि मग आमच्या दुकानात माणसं येऊ लागली.

दुपारी, गल्ली रिकामी असताना यायची. कमरेच्या पंच्यातून, लुगड्याच्या ओच्यातून बिल्ले निघायचे. "वितळवून टाका," एवढंच म्हणायची. बाबा आधी ओळखून घ्यायचे. पगडी असली तर निजामसरकारचा. मुकुट घातलेलं किंवा उघडं डोकं असलं तर इंग्रजांच्या राजाचा. मग कसोटीवर घासून चांदी की नुसता मुलामा ते बघायचे. अक्षरं इंग्रजी असली तर मला हाक मारायचे. उर्दू बाबांना येत होतं, तेव्हा सगळ्या कचेऱ्यांत तेच चालायचं.

गावचे पाटील आले ते आठवतं. त्यांचा बिल्ला नाजूक होता, पिवळ्या फितीचा. गावात दवाखाना उभा केला म्हणून हैदराबादेला बोलावून दिलेला. पाटील बाबांच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि बिल्ला मुशीत पडला तरी उठेनात. चांदी वितळताना आधी अक्षरं जातात. मग पगडी मेणासारखी खचते. मग एक थेंब थरथरतो आणि कुणाचंच काही राहत नाही.

"दवाखाना तर आहेच ना," पाटील म्हणाले, आणि चपला घालून गेले.

त्याच दुपारी, मूस अजून शेगडीवर असताना, चाचा आले. त्यांच्या हातात रुमाल होता. तो त्यांनी बाबांसमोर उलगडला.

"हे बी टाक त्याच्यात."

बाबांनी भाता सोडला. "चाचा, हे? ह्याच्यावर तर माह्यं घर उभं हाये."

"तवा ते कामाचे होते. आता हे मले खातीन. पोराच्या पायी लोक आधीच माह्या दाराकडं पाहून राह्यले. टाक, गंगाराम. विचार करू नको."

बाबांनी दोन्ही बिल्ले हातात घेतले. एक चांगला जाड, चांदीचा. एका बाजूला इंग्रज राजाचं डोकं. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, आणि घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी. त्याची फीत मधे नारिंगी आणि कडांना निळी होती. दुसरा म्हणजे तो परकार, गुण्या आणि डोळा.

"हे तर गवंड्याचं हत्यार," बाबा म्हणाले. "चाचा, तुमी मिसरात भिंती बांधत होते का?"

चाचा हसले नाहीत. "तो माह्या साहेबाचा. लई मोठी गोष्ट हाये."

बाबांनी जाड बिल्ला माझ्याकडं दिला. "वाच काय लिवलं हाये ते." राजाच्या डोक्याभोवतीची अक्षरं मला लागेनात, ती इंग्रजीही वाटत नव्हती. मी बिल्ला उजेडाकडं धरला तेव्हा त्याच्या कडेवर, रुपयाला जिथं दाते असतात तिथं, काहीतरी बारीक ठोकलेलं दिसलं. आधी आकडे. मग अक्षरं. मी एकेक वाचू लागले. एस, ओ, डब्ल्यू. सोवार. मग शेख. मग डी, ए, यू, डी.

"दाऊद," मी म्हणाले. "शेख दाऊद कोन?"

भात्याशिवाय ती खोली फार शांत होती. चाचांनी बिल्ला माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, कडेवरून अंगठा फिरवला.

"मीच," ते म्हणाले. "बेटी, ते मीच हाये."

त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो बिल्ला पेटीत होता, सणाला छातीवर होता, आणि कडेवर आपलं नाव आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गाव मिसरवाले म्हणायचं. चाची नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. मीसुद्धा ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही माझ्याच तोंडून.

"तिकडं विलायतेत कोनी बसून माह्यं नाव ठोकलं?" ते पुन्हापुन्हा विचारत होते. "माह्यं? सवाराचं?"

बाबांनी सांडशी खाली ठेवली. "आता तर मी हात नाई लावत," ते म्हणाले. चाचाही टाक म्हणेनात. ते तसेच अंगठा फिरवत बसले, आणि दारात सावली पडली.

विठ्ठल होता. त्याच्यामागं कँपातली चारदोन पोरं. विठ्ठल आमच्याच गल्लीतला. त्याच्या मोठ्या भावाला रझाकारांनी नदीकाठी मारलं होतं. तेव्हापासून तो डोळे न मिटता बघायचा.

"कादर कुठं हाये?" त्यानं चाचांना विचारलं.

"मले माहीत असतं तर मीच गेलो असतो त्याच्याकडं."

विठ्ठलनं रुमालातला गुण्याचा बिल्ला उचलला. डोळ्यावर त्याचं बोट थांबलं. "हे काय हाये? अशी निशाणी म्या कुठं पाह्यली नाई. डोळा काऊन काढला ह्याच्यावर?" मग त्याची नजर शेगडीकडं गेली. "आन् मुशीत काय हाये?"

"चांदी," बाबा म्हणाले.

"कोनाची?"

"चांदीले नाव नसते, विठ्ठल."

तो पाटलांचा बिल्ला होता हे बाबांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची स्वतःची सुटका होती. मायनं आतून माझा हात धरला. ती मला आत ओढू लागली.

विठ्ठलनं दोन्ही बिल्ले रुमालात घेतले आणि चाचांचं मनगट धरलं. "चावडीवर चला. सैन्याचा सुभेदार बसला हाये. त्याच्यापुढं सांगा."

बाबा डोक्याला फडकं न गुंडाळताच मागं निघाले. मीही. माय ओरडली, पण मी गेले, कारण त्या घोळक्यात इंग्रजी अक्षरं येणारं दुसरं कुणी नव्हतं. गल्लीतल्या दारांच्या फटी उघडत होत्या आणि मिटत होत्या. चाचांची एक चप्पल वाटेत राहिली. कुणीतरी एक खडा मारला, तो भिंतीला लागला. विठ्ठलनं वळून पाहिलं, आणि मग दुसरा आला नाही. मला कापसाच्या गंज्यांचा वास आठवतो, गोड, धुळीचा. तो अजूनही आला की मी वळून मागं बघते.

चावडीसमोर लिंबाखाली खाटेवर सुभेदार बसला होता. साताऱ्याकडचा, मिशा पिकलेल्या. पुढं पितळेचा तांब्या. विठ्ठलनं दोन्ही बिल्ले त्याच्या पुढ्यात टाकले आणि म्हणाला, "ह्याचा पोरगा रझाकार. हे ह्याच्याकडं सापडले. सोनाराकडं वितळवून राह्यला होता."

सुभेदारानं जाड बिल्ला उचलला. घोडेस्वाराची बाजू बघितली, फीत बघितली, आणि लगेच तो उभा करून त्याची कड वाचू लागला. ज्याला ठाऊक असतं तो माणूस आधी कड वाचतो, हे मी त्या दिवशी शिकले.

"तुमचा नंबर काय, म्हातारबा?"

चाचा एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असे उभे होते. त्यांनी टाचा जुळवल्या. मान वर गेली. आणि इतक्या वर्षांपूर्वीचा तो नंबर त्यांनी एका दमात म्हणून टाकला, मग "सवार शेख दाऊद," आणि सलाम. सुभेदाराची नजर कडेवर होती. तो मान हलवत राहिला.

"रझाकाराचा नव्हे हा," तो पोरांना म्हणाला. "लढाईचा आहे. माझ्या बापाकडं अस्साच होता, तो बगदादेकडं होता. ह्यावर ज्याचं त्याचं नाव असतं." मग त्यानं दुसरा उचलला, उलटापालटा केला. "पण हा काय आहे, मला ठाऊक नाही."

ते शब्द पडले आणि घोळका पुन्हा आवळला. विठ्ठल पुढं सरकला. त्या गुण्याच्या बिल्ल्यावरची अक्षरं मी दुकानातच बघून घेतली होती, पण ती नुसती आद्याक्षरं होती, त्यांचा अर्थ लागत नव्हता.

"सांगा," सुभेदार म्हणाला. "खरं सांगा. आणि पोराचंही सांगा."

चाचांनी आधी पोराचं सांगितलं. "कादर रझाकार होता. म्या अडवला, तो थांबला नाई. त्यानं काय केलं मले माहीत नाई. केलं असन तर त्याचा जाब त्यानं द्यावा." विठ्ठलकडं न बघता ते म्हणाले, आणि मग त्याच्याकडं बघून म्हणाले, "तुह्या भावाले म्या लहानपणी घोड्यावर बसवलं होतं, विठ्ठल."

मग त्यांनी मिसरचं सांगितलं. गावानं ते कधी ऐकलं नव्हतं. सणाला पोरं मागं लागली की चाचा उंटांचं सांगायचे, जहाजाचं सांगायचे. त्या दिवशी त्यांनी रेतीचं सांगितलं, जी दातांत, जखमेत, भाकरीत असायची. घोडे पाण्यावाचून वेडे होऊन रेती चाटायचे. आपला घोडा त्यांनी स्वतःच्या हातानं गोळी घालून सोडवला. त्यांच्या गावाकडचा एक जोडीदार पोट धरून दिवसभर मायला हाका मारत होता आणि संध्याकाळी गप्प झाला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पलटणीचा डॉक्टर साहेब जखमी झाला तेव्हा चाचांनी त्याला पाठीवर घेऊन नेलं. वाटेत साहेबानं कोटाच्या आतून हा बिल्ला काढून त्यांच्या मुठीत दाबला. "'ब्रदर' म्हणाला. दोनदा म्हणाला. मले इंग्रजीतला तेवढाच शब्द माहीत होता. मले भाऊ म्हणाला तो. खाली ठेवला तवा तो गेलेला होता."

लिंबाची पानं पडत होती. सुभेदारानं दोन्ही बिल्ले रुमालात गुंडाळून चाचांच्या हातात दिले.

"घरी जा," तो म्हणाला. "आणि ह्यांच्या दाराशी कुणी गेलं तर गाठ माझ्याशी आहे."

त्या गवंडी बिल्ल्याचं कोडं मला फार उशिरा सुटलं. माझं लग्न होऊन मी मंचेरियलला गेले होते. तोपर्यंत भाषेवर राज्यं झाली होती, किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले होते आणि आमचं गाव तेलुगू पाट्यांच्या राज्यात राहिलं होतं. मंचेरियलला आमच्या शेजारी एक म्हातारे डॉक्टर राहायचे. त्यांच्या भिंतीवर हीच निशाणी. ते म्हणाले, ही एका जुन्या बंधुमंडळाची खूण, त्यात सगळे एकमेकांना ब्रदर म्हणतात. त्या मंडळातला माणूस मरताना आपली खूण दुसऱ्या बंधूकडं पोचती करायला सांगतो, असंही असेल.

म्हणजे तो साहेब चाचांना भाऊ म्हणाला, की कुणा भावाकडं हे पोचव म्हणाला? तेव्हा चाचा हयात होते. पुढच्या दिवाळीला मी माहेरी गेले, त्यांच्याजवळ बसले, आणि हे त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या पाठीवर तो माणूस मेला होता. भाऊ म्हणायला आणखी काय लागतं?

इचोड्याच्या त्या भंगारवाल्याला मी सांगितलं, "भाईबंदों की निशानी है." त्याला ते पटलं असावं. भाच्यानं हॉर्न वाजवला. तो चाचांचाच की तसलाच दुसरा, ते सांगता येत नव्हतं. मी बिल्ला बशीत ठेवला आणि गाडीत बसले. पण मन त्या दुपारीच होतं. चावडीवरून परत येतानाच्या वाटेवर.

चाचा बाबांच्या खांद्याला धरून चालत होते. विठ्ठल आमच्या मागं, बऱ्याच लांबून, येत होता. तो पुढं आयुष्यभर चाचांशी बोलला नाही. पण त्यांच्या ओट्यावर कुणाला चढूही दिलं नाही.

चाची दारात उभी होती. तिला बातमी आधीच लागली होती. चावडीमागच्या भिंतीआड बायका जमल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि धावत येऊन तिला सांगितलं होतं, रेतीचं, घोड्याचं, पोट धरून ओरडणाऱ्या त्या पोराचं. तिनं चाचांचा उघडा, धुळीनं भरलेला पाय पाहिला. पाणी आणलं. खाली बसून तो धुतला. आणि पाय हातात तसाच धरून वर बघत विचारलं,

"हे सगळं माह्या कादरले कधी काऊन नाई सांगितलं?"

चाचांनी हातातला रुमाल उलगडला.

"त्यानं कधी इचारलंच नाई," ते म्हणाले. "तो लहान होता तवा म्हने, अब्बा, बिल्ले लावून द्या. मी लावून देत होतो." त्यांनी बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. मग ते म्हणाले, "लई चांगले दिसत त्याच्या अंगावर."